कुंकू झालेले स्कोन्स!

रविवारची सकाळ. ओट्यावर नवाकोरा ओटीजी, अकराला चार मैत्रिणी चहाला येणार आणि मेन्यूत काय, तर हळदीचे स्कोन्स! हळद कुठली? थेट वसमतच्या रानातली, पाडव्याला आईने डब्यात भरून दिलेली. पीठ मळलं तेव्हा रंग कसा पिवळाधम्मक होता. वीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढला आणि माझं तोंडच उतरलं. स्कोन्सवर लालभडक चट्टे! एक तुकडा तोंडात टाकला, तर चव साबणाची.

मी घाईघाईने आईला फोन लावला. ''हळद खराब निघाली गं!''

क्षणभर पलीकडून आवाजच नाही. मग, ''सोडा किती घातलास?''

''दोन चमचे.''

''मग कुंकूच झालं की बाई! हळदीला खार लागला की ती लाल होते. तुझी पणजी घरी असंच कुंकू करायची. आपली चूक अन् हळदीला नावं ठेवतेस होय?''

बोलणं लागलं. कारण ही हळद कशी तयार होते ते मी लहानपणापासून पाहिलंय. मे-जूनमध्ये लागवड, आठ-नऊ महिने रानात, मग काढणी, शिजवणं, उन्हात वाळवणं, पॉलिश. हिंगोली जिल्ह्यातल्या 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते काही उगाच नाही. आणि मी दोन चमचे सोड्याच्या जिवावर तिला नापास करून मोकळी झाले होते!

तर दोस्तहो, माझा एक ट्रे वाया गेला, तुमचा जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

बेस पक्का, तर सगळं पक्कं

स्कोन म्हणजे ब्रेड आणि बिस्किट यांच्या अधलंमधलं प्रकरण. यीस्ट नाही, अंडं नसलं तरी चालतं. पाव किलो मैदा, तीन चहाचे चमचे बेकिंग पावडर, साठ ग्रॅम बटर, दोन चमचे साखर आणि लागेल तसं दूध-दही. बस्स! बटर फ्रिजमधलं गार हवं. ते सरळ किसणीवर किसा आणि बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा. आपलं नेहमीचं बटर खारं असतं, म्हणून वरून मीठ नको.

सोडा आणि बेकिंग पावडर ही सख्खी भावंडं, पण स्वभाव वेगळे. सोडा नुसता खार. त्याला दही, ताक किंवा लिंबू असा आंबट जोडीदार लागतोच. बेकिंग पावडरमध्ये तो जोडीदार आधीच घातलेला असतो. हळद घालणार असाल तर बेकिंग पावडरच घ्या आणि दुधाऐवजी अर्धं दही वापरा. रंग पिवळाच राहील.

पोळीच्या कणकेसारखं मळत बसलात, तर मात्र स्कोन नाही, दगड मिळेल. गोळा जमला की थांबा. बोटभर जाड थापा, सुरीने त्रिकोण कापा, वरून दुधाचा हात फिरवा आणि २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजा.

फ्लेवरचा फंडा

एका वेळी एकच हिरो! हळद अर्धा चमचा पुरे. सोबत चिमूटभर मिरपूड आणि साखरेऐवजी किसलेला गूळ. हळदीचा रंग आणि स्वाद तुपा-लोण्यात छान उतरतो, म्हणून ती बटरबरोबरच मैद्यात चोळा. बाजारातली फार भडक पावडर दिसली तर जरा सावध. जमलं तर हळकुंडं आणून दळून घ्या.

तिखट हवेत? मग धपाट्याची आठवण काढा. ओवा, तीळ, बारीक चिरलेली कोथिंबीर, ठेचलेला लसूण. कोथिंबीर धुतल्यावर कोरडी करा, नाहीतर पीठ सैल पडतं. ज्वारीचं पीठ घालायचं मन झालं तर एक चतुर्थांशच. त्याला चिकटपणा नाही, जास्त झालं की स्कोन भुगा होतो.

गोडात बेदाणे घालायचे तर ते आधी गरम चहात दहा मिनिटं भिजवा. कोरडे बेदाणे स्कोनमधला ओलावा ओढून घेतात.

टॉपिंग टाइम!

इंग्लंडमध्ये यावरून कायमची भांडणं आहेत. डेव्हनवाले आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. तिथलं ते क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर तापवून गार केलेल्या मलईचा जाड थर. ओळखीचं वाटतंय ना? आपली साय! म्हशीचं दूध मंद तापवा, न ढवळता गार करा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सुरीने उचलता येईल अशी साय तयार. वर गुळांबा किंवा मोरावळा. तिखट स्कोनला पांढरं लोणी आणि जवसाची नाहीतर कारळाची चटणी. दुकानातला जॅम विसराल!

आणि हो...

त्या रविवारी मैत्रिणींना मी बिस्किटं खायला घातली. दुसरा ट्रे पुढच्या महिन्यात, आई पुण्याला आली तेव्हा केला. दही घालून, सोडा कपाटात बंद ठेवून. तिने स्कोन मधोमध फोडला, आतला पिवळा रंग उजेडात धरून पाहिला. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, ''हं. आता दिसतीय आपली हळद.''

आणि साय वाढायला डबा पुढे ओढला.