नदीपलीकडच्या ताई

निसरपूरला मी अकरा वर्षं शिकवलं. आम्ही मूळचे धारचे. पवारांच्या राज्यात कारकुनी करायला आलेलं घराणं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर माळवी. १९८९मध्ये माझी बदली कुक्षी तहसिलातल्या या मोठ्या गावात झाली. मुलं मला ‘बेनजी’ म्हणायची. एका पाटीदार काकींच्या घरात माडीवरची खोली भाड्याने मिळाली होती. सकाळी काकींच्या घट्टीची, म्हणजे जात्याची, घरघर ऐकूनच जाग यायची. ज्वारीची रोटी आणि अंबाडीची भाजी खायची सवय मला त्यांनीच लावली.

दुसऱ्याच वर्षी, १९९०मध्ये, बाबा आमटे कुष्ठरुग्णांसाठी उभारलेलं आनंदवन सोडून नर्मदेकाठी राहायला आले. आमच्याकडून चिखलद्यापर्यंत जायचं, तिथे नर्मदा ओलांडली की राजघाट, पुढे बडवानी, आणि बडवानीजवळच छोटी कसरावद. तिथेच ते राहत होते. सरदार सरोवर धरणाच्या बुडिताविरुद्धच्या लढ्यात आपण इथल्या लोकांबरोबर असणार, असं त्यांनी ठरवलं होतं. काकी सभांना जायच्या. परत आल्या की भाकरी थापता थापता बाबा काय बोलले ते सांगायच्या. मी ऐकायचे. सरकारी नोकरी होती, भीती वाटायची, म्हणून मी एकदाही गेले नाही. आज वाईट वाटतं ते आणखी एका गोष्टीचं. तिथे बाबांबरोबर त्यांच्या पत्नी साधनाताईही राहत होत्या आणि त्यांच्याबद्दल मी काकींना एक शब्दही विचारला नाही.

साधनाताईंचं ‘समिधा’ हे आत्मचरित्र मी निवृत्त झाल्यावर वाचलं. वाचताना सारखं धारचं आमचं घर आठवत होतं, कारण सोवळं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलं आहे. आजीच्या स्वयंपाकघराची रेघ ओलांडली तर आम्हा नातवंडांनाही परत आंघोळ करावी लागे. ताईही अशाच कर्मठ घरातल्या. ५ मे १९२६ रोजी नागपूरच्या घुलेशास्त्र्यांकडे जन्मलेली ही इंदू. बहिणीच्या लग्नात सगळे नटूनथटून मिरवत होते आणि ही मागच्या बाजूला म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. दाढीजटा वाढवलेल्या मुरलीधर आमट्यांनी, म्हणजे बाबांनी, ते पाहिलं आणि हिच्याशीच लग्न करायचं असं मनाशी ठरवलं. १८ डिसेंबर १९४६ला लग्न झालं. इंदूची साधना झाली.

संसार सुरू झाला तो वरोऱ्याच्या श्रमाश्रमात. जातीपातीची बंधनं न मानणाऱ्या कुटुंबांनी एकत्र राबायचं आणि एकत्र जेवायचं, असा बाबांचा तो प्रयोग होता. आमची आजी अशा स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकू शकली नसती. ताई वीस वर्षांच्या होत्या, आणि त्या तिथे चूल फुंकत होत्या. देवावरची त्यांची श्रद्धा मात्र आयुष्यभर टिकली. बाबांना देवपूजेचं काही नव्हतं. ताईंनी देवही ठेवला आणि शिवाशीवही सोडली. दोन्ही एकाच बाईने करणं किती अवघड आहे, हे आमच्यासारख्या घरातल्या बायकांनाच कळेल.

पुढे बाबांना गटारीत पडलेला कुष्ठरुग्ण तुळशीराम दिसला आणि कुष्ठरोगाने त्यांच्या घराचं दार कायमचं उघडलं. या रोगाबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण लोक अजूनही घाबरतात. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३मध्ये तो जंतू शोधला. तो सहजासहजी पसरत नाही; बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद असते. तो मज्जातंतूंवर घाला घालतो आणि हातापायांची जाणीव नाहीशी होते. तव्याचा चटका कळत नाही, हात भाजतो, जखम चिघळते, आणि असं पुन्हा पुन्हा होत बोटं झिजत जातात. लोक म्हणायचे रोगाने बोटं खाल्ली. खरं तर बरंचसं नुकसान चुलीपाशी आणि शेतात, न कळलेल्या जखमांनी व्हायचं. दुखलं असतं तर माणसाने हात मागे घेतला असता. आज अनेक औषधं एकत्र देऊन तो पूर्ण बरा करता येतो, पण हे उपचार १९८०च्या दशकात आले. बाबा या आजाराचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याला गेले तेव्हा त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले होते. लागण झाली नाही. घरी दोन लहान लेकरं होती.

जून १९५१मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात आनंदवन सुरू झालं. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. थोरला विकास चार वर्षांचाही नव्हता, धाकटा प्रकाश अडीच वर्षांचा. चारी बाजूंना जंगल, साप, विंचू. पाणी नव्हतं म्हणून विहीर स्वतःच खणावी लागली. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी बाबांची कुदळ दाखवतो. मला त्या दोन पोरांना घेऊन बसलेली पंचवीस वर्षांची बाई दिसते. मीही आई आहे. ज्यांची सावलीसुद्धा गाव टाळत होता, त्यांच्यात आपली मुलं रांगू-खेळू द्यायची, हे धैर्य कुठल्याही भाषणापेक्षा मोठं होतं. आणि ते एका दिवसाचं नव्हतं, रोज सकाळी उठून दाखवायचं होतं.

आनंदवनात पिकलेली भाजी वरोऱ्यात कोणी विकत घेत नव्हतं. १९५४मध्ये परदेशांतून स्वयंसेवकांची तुकडी आली, रुग्णांबरोबर राहून तिने इमारत बांधली, त्यांच्या हातचं खाल्लं, आणि मग शेजाऱ्यांचीही भीती कमी होऊ लागली. मी हे वाचलं तेव्हा थांबले. दूरदेशच्या पाहुण्यांनी खाल्लं म्हणून गावाने खाल्लं. ताई तर तीन वर्षं रोज खात होत्या. तो पुरावा कोणाला पुरला नव्हता.

दोन्ही मुलं डॉक्टर झाली. विकास आणि त्यांच्या पत्नी भारती आनंदवनात राहिले. प्रकाश आणि मंदा १९७३मध्ये माडिया गोंडांसाठी हेमलकशाच्या जंगलात गेले. लोक म्हणतात, बाबांचा वारसा. त्यांच्या घरात बाहेरचा आणि आतला असा भेदच नव्हता, हे त्या मुलांना कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. ते त्यांनी ताटात पाहिलं होतं.

आणि मग १९९०. ताई चौसष्ट वर्षांच्या, बाबा पंचाहत्तरीचे. मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसता येत नसे. एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं. अशा माणसाबरोबर परमुलखात, परभाषेत, भर उन्हाळ्यात पुन्हा शून्यातून घर मांडायचं. निमाडचा उन्हाळा मी काढला आहे. दुपारी माठातलं पाणीही गरम लागतं. जवळजवळ दहा वर्षं त्या तिथे राहिल्या. एका घाटापलीकडे होत्या आणि मी निसरपुरात मुलांच्या वह्या तपासत होते.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ला गेले. ताई ९ जुलै २०११ला, कर्करोगाने. दोघांच्याही तारखेतला नऊ माझ्या लक्षात राहिला आहे.

त्यानंतरचं त्यांना बघावं लागलं नाही. राजघाटावर गांधीजींच्या, महादेवभाईंच्या आणि कस्तुरबांच्या अस्थींचं स्मारक होतं. धरणाचं पाणी येणार म्हणून २७ जुलै २०१७ला ते उखडून हलवलं. बांच्या अस्थी उपसल्या हे ऐकून काकी रडल्या होत्या. सप्टेंबर २०१९मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि निसरपूर बुडालं. शाळेची भिंत, माझी माडी, बाजार, सगळं. काकींनी घरातून आधी घट्टी बाहेर काढवली. दोन माणसांना उचलत नव्हती. पत्र्याच्या नव्या घरात छत नीट बसायच्या आधीच त्यांनी चूल मांडली होती.

मी यंदा आनंदवनाला जाऊन आले. दुपारी पंगतीत बसले. वाढणाऱ्या बाईंच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. त्यांनी भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि माझा हात क्षणभर तसाच राहिला. इतकं वाचून, इतकं कळून. त्या बाईंनी ते पाहिलं असणार. त्या हलल्या नाहीत, वरण वाढायला वाकल्या. मी पहिला घास मोडला. भाकरी ज्वारीची होती.