सहा-सात-आठ आणि एकचा लाल गोळा

परदेशी सहलीला जाऊन आलेल्या कुणालाही ‘सहा-सात-आठ’ म्हणजे काय ते विचारा. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बसमध्ये! आपल्या मराठी सहलींचा हा पाढाच आहे. २०१९ च्या मे महिन्यात पुण्याहून निघालेल्या आमच्या ग्रुपनं तो लंडनमध्ये पहिल्या दिवशी पाठ केला आणि दुसऱ्या दिवशी चुकवला.

एका काकांचा बाकरवडीचा पुडा खोलीत राहिला होता. बस सुटायला सव्वाआठ झाले. “पंधरा मिनिटांचं ते काय!” काका म्हणाले.

राजवाडा बाहेरून बघितला. बिग बेनचा मनोरा दुरुस्तीसाठी परांच्यांनी झाकलेला, नुसतं घड्याळ डोकावत होतं! धक्क्यावर पोचलो, तर ठरलेली बोट गेलेली. पुढची मिळाली. टेम्स नदीतून, १८९४ साली खुल्या झालेल्या टॉवर ब्रिजखालून ती आम्हाला ग्रिनिचला घेऊन गेली. पण आता एक वाजायला थोडीच मिनिटं उरली होती, आणि वेधशाळा टेकडीवर!

एकचीच घाई का? तर या वेधशाळेच्या छपरावर एक मोठा लाल गोळा आहे. १८३३ पासून तो वेळ दाखवतो. एकला पाच कमी असताना तो खांबावर अर्धा चढतो, दोन कमी असताना टोकाला जातो आणि ठीक एकला खाली येतो.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. भरसमुद्रात सूर्य डोक्यावर आला, की खलाशी जवळच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ बघायचे. दोन वेळांमधल्या फरकावरून आपण किती रेखांशावर आहोत ते कळायचं. आता ते घड्याळच पंधरा मिनिटं चुकलं तर? विषुववृत्तावर जहाज चारशे किलोमीटरहून जास्त चुकलं समजा! (हे ऐकून काकांनी बाकरवडी सगळ्यांना वाटली, बरं का.)

आपलं पुणं साधारण ७४ अंश पूर्वेला. गुणिले चार करून बघा. जेमतेम चार तास छप्पन्न मिनिटं येतात. मग आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे कसं? कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून धरलेली आहे. म्हणून पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला. उन्हाळ्यात इंग्लंडवाले घड्याळ तासभर पुढे करतात, त्यामुळे आमच्या सहलीत फरक साडेचारच तासांचा होता. घरी फोन करताना सगळ्यांचा गोंधळ!

आम्ही धापा टाकत वर पोचलो. गोळा टोकाला होता. एक वाजला आणि तो सरकन खाली आला. मग शून्य रेखांशाच्या पट्टीवर एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढायला रांग लागली. गंमत म्हणजे तिथे मोबाइल शून्य दाखवत नाही! उपग्रहांच्या हिशेबानं शून्य रेषा या पट्टीच्या सुमारे १०२ मीटर पूर्वेला येते.

ग्रुपमधल्या एका आजींचे गुडघे दुखत होते. त्या चढावर अर्ध्यातच बाकावर बसल्या आणि त्यांची सहावीतली नात त्यांच्यासोबत थांबली. आम्ही खाली आल्यावर हळहळलो, “अरेरे, तुमचं राहिलंच!”

“राहिलं कुठे? आम्हाला इथून दिसला की!” नात म्हणाली. “आणि तो खालच्या नदीतल्या जहाजांसाठीच होता ना?”

काकांनी मुकाट्यानं उरलेला पुडा तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी आठला दहा कमी असताना ते बसमध्ये बसलेले होते.