हातपंपाची दुरुस्ती आणि ठरीव कार्यादेश

जव्हार तालुक्यातील वावरच्या डोंगराळ परिसरात पाऊस भरपूर पडत असला, तरी कातळात पाणी फारसे साठत नसल्याने उन्हाळ्यात हातपंप बंद पडणे परवडत नाही. सोलापूर पंपाच्या आधारे १९७०च्या दशकात विकसित झालेल्या ‘इंडिया मार्क २’ या हातपंपाचे सुटे भाग प्रमाणित असल्यामुळे दुरुस्तीचा कार्यादेश, म्हणजे बिघाड, साहित्य व तपासणी सांगणारा लेखी आदेश, दर वेळी नव्याने लिहावा लागत नाही. दांडा बराच वेळ हलवल्यावरच पाणी येत असेल, तर तळाची झडप गळत असण्याची शक्यता असते. अशी लक्षणे, कारणे, वायसर व अवजारे नमुन्यात आधीच छापलेली असली, की गाव, पंपक्रमांक व तारीख एवढेच भरावे लागते. मात्र प्रत्यक्ष दुरुस्तीच्या नोंदींनुसार हा नमुना सुधारत राहणे आवश्यक ठरते.