लघवीतून रक्त, पण दुखत नाही? अंगावर काढू नका!

लघवी लाल झाली की ‘उन्हाळी लागली असेल’, ‘मुतखडा असेल’ असं म्हणून अनेक जण धने-जिऱ्याचं पाणी पितात. दोन दिवसांत रंग साफ होतो आणि विषय तिथंच संपतो. मात्र न दुखता रक्त जाणं हे मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाचं मुख्य लक्षण आहे. हे रक्त मधेच आपोआप थांबतं, आणि तिथंच फसगत होते.

लो-ग्रेड म्हणजे काय?

तपासणीच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी पाहायच्या असतात. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव, तर स्टेज म्हणजे गाठ किती खोल गेली ते. लो-ग्रेडमधील पेशी सावकाश वाढतात. ही गाठ बहुतेक वेळा पिशवीच्या आतल्या अस्तरावरच असते, स्नायूत शिरलेली नसते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हे वरवरचं तण आहे, खोल मुळांची हराळी नव्हे. हाय-ग्रेड गाठ मात्र खोलवर पसरू शकते.

उपचार कसे होतात?

पोटावर चिरा न देता, लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात आणि तपासणीला पाठवतात. अनेकदा त्यानंतर २४ तासांच्या आत पिशवीत औषधाचा एक डोस सोडतात. त्यामुळे गाठ पुन्हा येण्याची शक्यता कमी होते.

पुढं काय?

लो-ग्रेड, अस्तरापुरत्या गाठीचे १०० पैकी ९० हून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पण तण जसं खुरपलं तरी पुन्हा उगवतं, तशी ही गाठही अनेकांना परत येते. वेळेत दिसली तर ती पुन्हा काढता येते. म्हणून तीन महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दुर्बिणीतून तपासणी करावीच लागते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती चुकवणं महागात पडतं.

बिडी-सिगारेट आजच सोडा

या आजाराचं सर्वात मोठं कारण धूम्रपान आहे. धुरातली विषारी द्रव्यं रक्तातून लघवीत उतरतात आणि पिशवीत तासन्‌तास साठून राहतात. पुरुषांमध्ये हा आजार तिप्पट-चौपट आढळतो.

रक्त एकदाच दिसलं, तरी ग्रामीण रुग्णालयात लघवीची तपासणी आणि सोनोग्राफीबाबत विचारा. सोनोग्राफीत छोटी गाठ सुटू शकते, त्यामुळे मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवणं गरजेचं आहे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.