धातूच्या घरगुती वस्तूंची मलिनता आणि उजाळा : नवी मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

मराठी कुटुंबांत पितळ, तांबे व चांदीच्या वस्तू केवळ उपयोगासाठी जपल्या जात नाहीत. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. देवघरातील चांदीच्या टाकांवर कुलदैवताची प्रतिमा उठवलेली असते. सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) वसत गेलेल्या नवी मुंबईत राज्याच्या विविध भागांतून आलेल्या अनेक कुटुंबांनी अशा वस्तू सोबत आणल्या. देशावरील कोरड्या हवेत दीर्घकाळ उजळ राहणारी समई येथे लवकर काळवंडते आणि साहजिकच वारंवार घासली जाते. या घासण्यात वस्तूचे नेमके काय होते व ती न झिजता कशी उजळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मलिनतेचे स्वरूप

समईवरील काळेपणा दोन प्रकारचा असतो. तेल, धूर व काजळी यांचा थर बाहेरून चढलेला असतो. तो गरम पाणी व साबणाने निघतो. त्याखालचा काळपट थर मात्र धातूपासूनच बनलेला असतो. तांबे व पितळ यांवर प्रामुख्याने तांब्याची ऑक्साइडे, तर चांदीवर सिल्व्हर सल्फाइड तयार होते. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असल्याने त्याची मलिनता बव्हंशी तांब्यासारखीच असते. खाऱ्या व दमट हवेत यावर हिरवट जंगालही चढतो.

नवी मुंबईत या क्रियेला अनुकूल परिस्थिती आहे. हवेतील आर्द्रता वाढली की धातूवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो व त्यात क्षार आणि वायू विरघळतात. ठाणे खाडीच्या चिखलात प्राणवायूविना जगणारे जिवाणू पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. ओहोटीच्या वेळी येणारा उग्र वास बऱ्याच अंशी त्याचाच असतो. या वायूचे अत्यल्प प्रमाणही चांदी काळी पडण्यास पुरेसे ठरते.

उजाळ्याच्या पारंपरिक पद्धती

चिंचेतील टार्टारिक आम्ल व लिंबातील सायट्रिक आम्ल तांब्याची ऑक्साइडे विरघळवतात. कोकणात याच कामासाठी आमसूलही वापरतात. राख, रांगोळी किंवा विटकरीची भुकटी यांचे कार्य वेगळे आहे. त्यांचे कण पृष्ठभाग खरवडतात आणि मलिन थराबरोबर खालचा शुद्ध धातूही काढतात. भांड्यावरील नावे पुसट होणे व टाकांवरील प्रतिमांचे नाकडोळे झिजणे, हा वर्षानुवर्षांच्या खरवडण्याचा परिणाम होय. काळवंडलेली वस्तू पुन्हा उजळते. झिजलेली प्रतिमा मात्र परत येत नाही.

आम्लाचा वापरही मर्यादित हवा. पितळ आंबट पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवल्यास त्यातील जस्त अधिक वेगाने विरघळते व पृष्ठभागावर तांब्याची लालसर छटा उरते. मीठ लावल्याने सफाई जलद होते. परंतु धुतल्यावर मागे राहिलेले क्लोराइड पुन्हा जंगाल आणते. म्हणून आंबट पदार्थ काही मिनिटेच लावून वस्तू भरपूर पाण्याने धुवावी व तत्काळ कोरडी पुसावी.

चांदीसाठी अधिक सौम्य उपाय उपलब्ध आहे. भांड्यात ॲल्युमिनियमची चकचकीत पन्नी पसरून तीवर चांदीची वस्तू टेकवून ठेवावी आणि खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी ओतावे. या विद्युत्-रासायनिक क्रियेत सल्फाइडमधील चांदी पुन्हा धातुरूपात येते व गंधक वेगळे होते; त्यामुळे झीज जवळजवळ होत नाही. लाख भरलेल्या, खडे बसवलेल्या किंवा नक्षीत मुद्दाम काळी छटा ठेवलेल्या वस्तूंना मात्र ही पद्धत वापरू नये.

मुलामा आणि कल्हई

नळाच्या तोट्यांवरील क्रोमियमचा थर सामान्यतः एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्यावर भुकटी घासल्यास खालचे निकेल व पितळ उघडे पडते. तेथे ओले मऊ कापड पुरते. पितळी पातेल्याच्या आतील कल्हई म्हणजे कथिलाचा लेप होय. तो खरवडला गेला की ताक किंवा आमटी कळकते, म्हणजेच तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. हे आरोग्यास अपायकारक आहे. अशा भांड्याचा आतला भाग केवळ साबणाने धुवावा व लेप विरळ होताच पुन्हा कल्हई करून घ्यावी.

न्हाणीघर स्वच्छ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल उजाळ्यासाठी कदापि वापरू नये. त्याच्या वाफांनी जवळचे पोलादही गंजते, आणि ते ब्लीचमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, उजाळा देण्यापूर्वी वस्तूचा पृष्ठभाग कशाचा आहे हे ओळखणे आवश्यक आहे. दमट शहरात वारंवार घासण्यापेक्षा मलिनता लांबवणे श्रेयस्कर ठरते. वापरात नसलेली चांदी कोरडी करून हवाबंद पिशवीत, रबर व लोकर यांपासून दूर ठेवावी. पितळ कोरड्या कापडाने नियमित पुसावे. कोरलेली व उठवलेली कामे असलेल्या वस्तूंवर किंचित काळपट छटा राहू देण्यात हानी नाही. तिच्याखाली वाडवडिलांची नावे सुरक्षित राहतात.