गाव उठून दुसऱ्या राज्यात जातं का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आधी जतवर आणि लगोलग सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला. पाठोपाठ अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेलगतच्या काही ग्रामपंचायतींनी ‘आम्हाला कर्नाटकात जायचंय’ असे ठराव केले, आणि सोलापुरात टपरीटपरीवर घटनातज्ज्ञ तयार झाले. गावं गेलीच म्हणून कुणी हळहळलं, कुणी त्या गावांना फितूर ठरवून मोकळं झालं. त्या गदारोळात छातीठोकपणे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी आजही तशाच फिरतात.

‘ग्रामपंचायतीनं ठराव केला की गाव निघालं.’

ग्रामपंचायतीला स्वतःच्या गावाची हद्दसुद्धा बदलता येत नाही. ती शासनाच्या अधिसूचनेनं ठरते. राज्याची हद्द तर फार वरची गोष्ट. घटनेच्या कलम ३ प्रमाणे तो अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय असं विधेयक मांडता येत नाही, आणि त्याआधी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागण्यासाठी जातं. मत म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं हे १९५९ मध्ये बाबुलाल पराते खटल्यात स्पष्ट केलं, आणि तो खटला आपल्याच जुन्या मुंबई राज्याचा होता. विधिमंडळापुढे आला होता तीन वेगळ्या घटकांचा प्रस्ताव. संसदेनं कायदा केला द्विभाषिक राज्याचा. तेही चालतं, असं न्यायालय म्हणालं. वर या कायद्याला साधं बहुमत पुरतं, कारण कलम ४ मुळे तो घटनादुरुस्ती धरला जात नाही. २०१४ मध्ये पोलावरम धरणासाठी खम्मम जिल्ह्यातले मंडल तेलंगणचा विरोध असताना आंध्रात गेले, ते याच वाटेनं.

थोडक्यात, गावाला जायचं नसलं तरी संसद त्याला पाठवू शकते, आणि जायचं असलं तरी गाव आपणहून निघू शकत नाही.

‘मग सार्वमत घ्या, ब्रिटननं घेतलं तसं.’

ब्रिटन हा सार्वभौम देश, आणि युरोपीय संघाच्या करारातच बाहेर पडण्याची वाट सांगणारं कलम ५० होतं. तरीही २३ जून २०१६ च्या ५१.९ टक्के कौलानं काम भागलं नाही. संसदेची मान्यता लागेल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये बजावलं आणि ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० ला. आपल्या घटनेत राज्याच्या हद्दीसाठी सार्वमताची तरतूदच नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर कौल झाला, तो संसदेनं त्यासाठी खास कायदा केला म्हणून. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. अक्कलकोटसाठी असा कायदा कधी झालेला नाही.

‘अक्कलकोटवरचा दावा बोम्मईंनी उकरून काढला.’

इथं आपल्या बाजूचं विस्मरण जास्त आहे. १९५६ पूर्वी सोलापूर आणि विजापूर हे एकाच मुंबई राज्यातले शेजारी जिल्हे होते. अक्कलकोट आणि जत ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विजापूर, बेळगाव, धारवाड, कारवार म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेले आणि जिल्ह्याची हद्द राज्याची सीमा झाली. सोयरिकी, बाजार, जत्रा दोन्हीकडे पसरलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

मग सीमाप्रश्नासाठी सेनापती बापटांचं उपोषण झालं आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्रानं निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. म्हैसूरनं महाराष्ट्राकडे ५१६ गावं मागितली होती. त्यांतली २६० कन्नडभाषक आहेत, हे महाराष्ट्रानंच मान्य केलेलं होतं. बेळगावच्या सभांमधून हा आकडा सहसा ऐकू येत नाही. १९६७ च्या अहवालानं २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला सुचवली. या २४७ मध्ये अख्खा अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापूरचा भाग होता. बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवलं, म्हणून महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. कर्नाटक आजही तोच अहवाल अंतिम मानतं. पण अंतिम म्हणायला त्याचा कायदा व्हावा लागतो, आणि तो झालेला नाही. दावा जुना आहे हे खरं. अक्कलकोट ‘देऊन टाकलं होतं’ हे खोटं.

‘कन्नड बोलतात, म्हणून त्यांना तिकडे जायचंय.’

असं असतं तर सोलापूरचं ग्रामदैवतच आधी गेलं असतं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, त्यांची वचनं कन्नडमध्ये, आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा मराठी, कन्नड, तेलुगू घरांची मिळून. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. घरात कन्नड आणि कचेरीत मराठी, यात इथल्या माणसाला काही वावगं वाटत नाही.

ठराव करणाऱ्या गावांची तक्रार होती रस्त्यांची, पाण्याची, रोजच्या सोयींची. सीमेपलीकडे त्या बऱ्या दिसत होत्या. जतच्या ज्या ठरावांचा बोम्मईंनी हवाला दिला, ते २०१२ च्या आसपासचे, दुष्काळातले आणि पाण्यासाठी केलेले होते. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लगेच ते जुने असल्याचं सांगितलं. नेमक्या त्याच दिवसांत नाशिकच्या सुरगाणा तालुक्यातली गावं गुजरातेत आणि नांदेडच्या सीमेवरची तेलंगणात जाण्याची भाषा करत होती. तिथं कन्नडचा संबंधच नव्हता. माझ्या मते हे ठराव म्हणजे अर्ज-विनंत्या करून थकलेल्या गावाचा शेवटचा अर्ज होता, फक्त तो मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर टाकलेला. त्याला उत्तर मात्र आलं नोटिशीच्या रूपात, आणि बहुतेक ग्रामपंचायतींनी ठराव मागे घेतले.

‘राज्य बदललं की बाजारपेठ बदलेल.’

फारसं नाही. कलम ३०१ मुळे देशभर व्यापार खुला आहे आणि जुलै २०१७ पासून जीएसटीही एकच. अक्कलकोटचा माल सोलापूरला जातो तसाच कलबुर्गीलाही जाऊ शकतो. बदलेल ते दुसरंच: पेट्रोल-डिझेलवरचा कर, गाडीची नोंदणी, सातबाऱ्याऐवजी तिकडची पहाणी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे जातीचा दाखला. आरक्षणाच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या आहेत. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो, कर्नाटकात तोच लंबाणी म्हणून अनुसूचित जातींत. सोलापूर जिल्ह्यातल्या तांड्यांसाठी ही बारीकसारीक बाब नाही. तरी २०२२ च्या चर्चेत ती जवळपास कुणी काढली नाही.

‘सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला की अक्कलकोटचाही सोक्षमोक्ष.’

महाराष्ट्रानं २००४ मध्ये कलम १३१ खाली दाखल केलेला दावा बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर भागातल्या मराठी गावांसाठी आहे. आपलंच अक्कलकोट महाराष्ट्र कशाला मागेल? हद्दीचा विषय संसदेचा आहे, न्यायालयाचा नाही, ही कर्नाटकची भूमिका.

१४ डिसेंबर २०२२ ला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कुणीही एकमेकांच्या भागावर दावा सांगायचा नाही, असं ठरलं; दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समितीही ठरली. २२ डिसेंबरला कर्नाटक विधिमंडळानं एक इंचही न देण्याचा ठराव केला. २७ डिसेंबरला महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांसाठी एकमतानं ठराव केला. कलम ३ पुढे या दोन्ही ठरावांचं बळ अक्कलकोटच्या ग्रामपंचायतींच्या ठरावांइतकंच. फक्त यांना नोटीस देणारं कुणी नव्हतं.