४२ नंबरचा खेळाडू आणि ब्रुकलिनचा १९४७ चा हंगाम

१४ एप्रिलला आपण परमपूज्य बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, अमेरिकेतही एक आगळा दिवस पाळला जातो. तेथील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेतील सर्व संघांचे सर्व खेळाडू त्या दिवशी पाठीवर एकच नंबर घालून खेळतात. तो नंबर ४२. ही प्रथा २००९ पासूनची. हा नंबर होता जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचा. त्याचा आणि त्याच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचा १९४७ चा हंगाम प्रत्येक धम्मबांधवाने आणि भगिनीने समजून घ्यावा असे आम्हांस वाटते.

बेसबॉल हा क्रिकेटचा लांबचा भाऊ. ९ जणांचा संघ असतो. चेंडू टोलवून तीन थांबे ओलांडायचे आणि परत मूळ जागी यायचे, की एक धाव. या थांब्यांना बेस म्हणतात. त्या काळी एप्रिल ते सप्टेंबरअखेर एका संघाला १५४ सामने खेळावे लागत. मात्र १८८४ नंतर या मोठ्या स्पर्धांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नव्हता. तसा कायदा कोठेही लिहिलेला नव्हता. गोऱ्या मालकांचा आपसांतला अलिखित करार होता. गावच्या विहिरीवर तरी आपल्यासाठी पाटी कोठे लावलेली असे? तरी कोणी पाणी भरायचे नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक असे.

येथे आम्हांला पळवणकर बाळू आठवतात. पुण्यात त्यांची गोलंदाजी सवर्ण खेळाडूंना चालत होती, पण त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. गुणवत्ता हवी, पण माणूस नको, ही रीत दोन्ही देशांत सारखीच. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले. पुढे जुलै १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य नमूद केले होते.

रॉबिन्सनला संघात घेतले ते डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी. त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. परंतु ही कोणा एकाची मेहेरबानी होती असे समजू नये. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात वेंडेल स्मिथ हे पत्रकार वर्षानुवर्षे या बंदीविरुद्ध लिहीत होते. रॉबिन्सनचे नाव रिकींपुढे ठेवण्यातही त्यांचा वाटा होता, आणि १९४७ च्या दौऱ्यांत ते त्याच्या सोबत राहिले. समाजाचे छोटे साप्ताहिक काय करू शकते, हे ‘मूकनायक’च्या वारसदारांना वेगळे सांगायला नको.

ऑगस्ट १९४५ मधील पहिल्या भेटीतच रिकींनी अट घातली होती. कोणी शिवी दिली, अंगावर आले, तरी उलट उत्तर द्यायचे नाही. रॉबिन्सन काही मुळात गप्प बसणारा नव्हता. सैन्यात असताना १९४४ साली बसमध्ये मागे जाऊन बसण्यास त्याने नकार दिला होता. त्याबद्दल त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि त्यात तो निर्दोष सुटला. असा माणूस मौन पत्करतो, तेव्हा त्यामागे दुबळेपणा नसतो. ते लढाईचे एक शस्त्र असते.

हंगामापूर्वीच संघातील काही गोऱ्या खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध अर्ज तयार करण्याचा घाट घातला. तो प्रशिक्षकांनी हाणून पाडला. १५ एप्रिल १९४७ रोजी एबेट्स फील्डवर रॉबिन्सन बोस्टनविरुद्ध मैदानात उतरला. प्रेक्षकांत निम्म्याहून अधिक त्याच्या समाजाचे होते. त्या दिवशी त्याला एकही यशस्वी फटका मारता आला नाही, पण एक धाव त्याने काढली आणि संघ ५-३ असा जिंकला.

आठवड्याने, २२ एप्रिलला, फिलाडेल्फियाचा संघ आला. त्यांचे प्रशिक्षक बेन चॅपमन आणि खेळाडू बाकावरून रॉबिन्सनच्या वर्णावरून गलिच्छ शिव्या देत राहिले. रॉबिन्सनने ओठ आवळून धरले. आठव्या डावात तो पहिल्या बेसवर पोहोचला, दुसरा बेस त्याने धावत चोरला आणि सामन्यातील एकमेव धाव काढली. डॉजर्स १-० ने जिंकले.

आमच्या मते या हंगामातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मात्र याच मालिकेत घडला. संघातील गोरा खेळाडू एडी स्टँकी उठला आणि शिव्या देणाऱ्यांवर ओरडला. जो उलट बोलू शकत नाही, त्याला बोलण्यात कसली मर्दुमकी, असा त्याचा रोख होता. स्टँकी काही समाजसुधारक नव्हता. तरी त्या दिवशी तो बोलला, आणि रॉबिन्सन संघात एकटा उरला नाही. चॅपमनच्या शिव्यांनीच डॉजर्सना एकजूट केले, असे पुढे रिकी म्हणत.

हे वाचताना आम्हांला आमच्या नोकरीचे पहिले वर्ष आठवते. “कोट्यातून आलेत, यांना व्हाउचर तरी लिहिता येते का?” असे एक सहकारी मोठ्याने बोलले. आम्ही मान खाली घालून खतावणी करत राहिलो. संध्याकाळी बेरीज पै-पैशाने जुळली. खोलीतले बारा जण तेव्हाही गप्पच होते. बोलणाऱ्याचे शब्द आज बोचत नाहीत. त्या बारा जणांचे गप्प राहणे अजून बोचते.

मे महिन्यात सेंट लुईसचे खेळाडू संपावर जाणार असल्याचे वृत्त छापून आले. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी ठणकावले, की संप करील त्याला निलंबित करू. पुढे खेळाडूंनी त्या वृत्ताचा इन्कार केला. वरच्या खुर्चीवरचा माणूस नियमाला धरून उभा राहिला, की खालची कुजबुज कशी थांबते, ते येथे दिसते.

कृष्णवर्णीय समाजानेही आपली जबाबदारी ओळखली होती. सामन्याला जाताना दारू पिऊन गोंधळ घालू नका, आपल्या वागण्याने जॅकीची संधी घालवू नका, असे त्यांची वृत्तपत्रे बजावत होती. त्याची पत्नी रेचेल तान्ह्या बाळाला घेऊन मैदानावर येई आणि नवऱ्यावर पडणारे शब्द स्वतः ऐके. माता रमाईंच्या लेकींना तिची वेदना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हंगामाचा ताळेबंद पाहू. रॉबिन्सन १५१ सामने खेळला. सरासरी .२९७, म्हणजे दर १० संधींत जवळपास ३ यशस्वी फटके. १२५ धावा. चोरलेले बेस २९, म्हणजे लीगमध्ये सर्वाधिक. वर्षातील सर्वोत्तम नवोदित हा पुरस्कार त्या वर्षी सुरू झाला, तो त्यालाच मिळाला. संघाने ९४ सामने जिंकून लीगचे अजिंक्यपद मिळवले. घरच्या मैदानावर १८ लाखांवर प्रेक्षक आले. अंतिम वर्ल्ड सिरीज मात्र डॉजर्सनी न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध ३-४ अशी गमावली.

खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. धमकीची पत्रे, अंगावर फेकलेले चेंडू आणि मनावरचे वळ यांची नोंद कोणत्या वहीत करणार? रॉबिन्सन ज्या कृष्णवर्णीयांच्या संघातून आला, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सला रिकींनी एक पैसाही मोबदला दिला नाही. चांगले खेळाडू आणि प्रेक्षक निघून गेल्यावर त्या समाजाच्या स्वतंत्र स्पर्धा हळूहळू मोडल्या. शिवाय एक दार उघडले म्हणजे सारी उघडली असेही नाही. यँकीजने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५५ मध्ये आणि बोस्टन रेड सॉक्सने थेट १९५९ मध्ये घेतला.

रॉबिन्सनचे मौनही कायमचे नव्हते. १९४९ पासून त्याला उत्तर देण्याची मोकळीक मिळाली आणि त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच १९४७ च्या एप्रिलमध्ये, २९ तारखेला, आपल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. कायदा दार उघडतो. परंतु आत पहिले पाऊल टाकणाऱ्याच्या शेजारी कोण उभे राहते, यावर पुढचे सारे ठरते. आज आपली मुले-मुली एखाद्या महाविद्यालयात, कार्यालयात, संघात पहिलीच म्हणून जातात. त्यांना नुसते “सहन कर” असे सांगून पाठवू नका. पहिल्या दिवशी सोबत जा. संध्याकाळी विचारपूस करा. आणि कोणा दुसऱ्याचा अपमान आपल्यासमोर होत असेल, मग तो कोणत्याही समाजाचा असो, तर आपण स्टँकी व्हा, त्या बारा जणांतले तेरावे होऊ नका.

यंदा जयंतीनिमित्त आपल्या वस्तीत क्रिकेटचे सामने भरले, तर बक्षीस वाटपाच्या वेळी मुलांना ४२ नंबरची ही गोष्ट जरूर सांगा.

जयभीम!